सायकलवरून पडलेलं मूल: आई-बाबा विचारतात ते प्रश्न

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत सायकलवरून पडला. उतारावरच्या वळणाला कुणाच्या तरी बांधकामाची कच पसरली होती. डाव्या कोपराच्या वर हाड मोडलं, चार आठवडे प्लास्टर. हात वेळेवर बरा झाला. सायकल मात्र त्यानंतर तीन महिने जिन्याखाली चादर टाकून उभी होती, आणि ती चादर त्यानेच टाकली होती.

त्या तीन महिन्यांत मी बरंच चुकले आणि थोडं शिकले. आता दर रविवारी सकाळी साताऱ्यातल्या आमच्या गोडोलीच्या बाजूची दहा-बारा मुलं मैदानावर सायकल घेऊन जमतात. त्यांचे आई-बाबा, आजी-आजोबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही. दुखण्याबद्दलचं जे लिहिलं आहे ते दवाखान्यात कधी पळायचं एवढं कळावं म्हणून.

पडल्यावर लगेच काय बघायचं?

आधी डोकं. मूल क्षणभर तरी बेशुद्ध होतं का, हे सोबतच्या मुलांना विचारा, कारण पडलेल्याला ते आठवत नाही. पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणं, एकच प्रश्न परत परत विचारणं, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, यातलं एकही दिसलं तर घरी वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. यातलं काही नसलं तरी पुढचे २४ ते ४८ तास डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

आपल्याकडे माणसं धावत येतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ती प्रेमाने मुलाला काखेत धरून लगेच उभं करतात. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत असं मूल म्हणत असेल, तर त्याला हलवू द्यायचं नाही. ‘थांबा, तसंच राहू दे’ हे ठणकावून सांगा, कुणाला राग आला तरी चालेल.

वर काहीच जखम नाही, फक्त हँडल पोटात लागलं म्हणतो. काळजी करायची का?

हो. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात म्हणून मुद्दाम लिहिते. पडताना हँडल फिरतं आणि त्याचं टोक पोटात किंवा बरगड्यांखाली रुततं. बाहेर नाण्याएवढा गोल वळ दिसतो, कधी तेवढाही नाही. आत यकृत, प्लीहा, स्वादुपिंड किंवा आतड्याला मार बसलेला असू शकतो आणि त्याची लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. पोट दुखायचं थांबत नसेल, उलट्या होत असतील, मूल पांढरंफटक पडलं असेल किंवा वाकून चालत असेल, तर डॉक्टरांना ‘हँडल पोटात लागलं’ हे शब्द आवर्जून सांगा. नुसतं ‘सायकलवरून पडला’ म्हटलं की सगळ्यांचं लक्ष गुडघ्याकडे जातं.

आज घरी गेल्यावर सायकलच्या मुठी बघा. रबर फाटून आतली नळी उघडी पडली असेल तर नव्या मुठी बसवा. खर्च किरकोळ आहे.

खरचटल्यावर हळद लावली तर चालते ना?

आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, साबणाने आजूबाजूची माती काढा. डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि जखमेत बसली की आत खडा राहिलाय का तेही दिसत नाही. धनुर्वाताच्या लसीचा पुढचा डोस कधीचा आहे ते लसीकरणाच्या कार्डावर बघा. सरकारी वेळापत्रकात पाच-सहा वर्षांना, मग १० आणि १६ व्या वर्षी तो असतो. राहिला असेल किंवा जखम खोल, मातीने भरलेली असेल तर डॉक्टरांना विचारा.

सासूबाई म्हणतात ही सायकल लाभत नाही, विकून टाका. दृष्टही काढायची म्हणतात.

दृष्ट काढू द्या. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळताना आजीचा हात तोंडावरून फिरतो, घरातली सगळी माणसं आपल्याभोवती थांबलेली असतात, मुलाला त्यातून धीरच येतो.

सायकल लाभत नाही हे मात्र मुलासमोर बोलू देऊ नका. त्याला तेच हवं असतं, खरं तर. वस्तूलाच दोष दिला की पुन्हा बसायला नको. आमच्याकडे हे वाक्य माझ्या आईच्या तोंडून एकदा निघालं आणि पुढे दोन महिने प्रत्येक बोलणं तिथेच येऊन अडायचं. शेवटी मी आईला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आई, सायकलचा ब्रेक आणि रस्त्यावरची कच, एवढंच झालं होतं.’ ती समजली. मोठ्या माणसांना एकट्यात सांगितलं की समजतं.

‘पडल्याशिवाय कुणाला सायकल आली आहे का?’ असं म्हणून दुसऱ्याच दिवशी बसवलं तर भीती मोडते ना?

किरकोळ पडणं असेल, मूल स्वतःच रडत रडत हँडल धरत असेल, तर जरूर बसू द्या. पण हाड मोडलं, टाके पडले, रक्त बघून मूल हादरलं, अशा वेळी जबरदस्तीने बसवलं की ते फक्त एवढंच शिकतं की माझं कुणी ऐकत नाही. डोक्याला मार लागून चक्कर, डोकेदुखी असं काही झालं असेल, तर ते पूर्ण थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत सायकलला हातही नाही. त्याच दिवसांत पुन्हा डोकं आपटलं तर पहिल्यापेक्षा जास्त महागात पडतं.

‘काही झालं नाही, काही झालं नाही’ हे आपण सवयीने म्हणतो. मुलाला तर खूप काही झालेलं असतं. ‘जोरात लागलं ना? घाबरलास ना?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. माझा मुलगा पहिल्यांदा नीट बोलला तो नवव्या दिवशी, अंधारात, लाइट गेलेली असताना.

रात्री दचकून उठते, सायकलची घंटा ऐकली तरी कानावर हात ठेवते. हे नेहमीचं आहे का?

पहिले काही आठवडे हो. वाईट स्वप्नं, आईला सोडून न राहणं, चिडचिड, मोठं मूलही अंथरूण ओलं करणं, खेळातल्या गाड्या पुन्हा पुन्हा आपटवणं, हे सगळं दिसू शकतं. गाड्या आपटवणाऱ्या मुलाला रागावू नका, झालेली गोष्ट ते आपल्या परीने समजून घेत असतं. महिना उलटूनही कमी होत नसेल, शाळा, जेवण, झोप यांवर परिणाम होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे पालकांनीही फोन केला तर चालतो. लोक काय म्हणतील हा विचार मनात येतो, मलाही आला होता. हात मोडल्यावर आपण तो विचार करत नाही.

खरं सांगायचं तर भीती मलाच जास्त वाटते.

बहुतेक घरांत असंच असतं. मूल सायकलकडे बघायच्या आधी आपल्या तोंडाकडे बघतं. सुरुवातीला मी मैदानावर गेले की माझ्या तोंडून सतत ‘हळू, हळू, अगं बाई, हळू’ निघायचं. मग मुलाचे बाबा जायला लागले आणि मी घरी पोहे करत बसले. दोघांपैकी ज्याच्या पोटात कमी गोळा येतो, त्याने जावं. मामा, काका, आत्या, कुणीही चालेल, फक्त ते माणूस ओरडणारं नको.

पुन्हा सुरुवात नेमकी कशी करायची?

माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती आहे: आपण मुलाला सायकल पळवायला शिकवतो, थांबवायला शिकवत नाही. ‘पॅडल मार, पॅडल मार, पुढे बघ’ हे शंभरदा म्हणतो, ब्रेक एकदा दाखवून मोकळे होतो. पडलेल्या मुलाच्या मनात एकच प्रश्न असतो, ‘सुटली तर?’ आपल्या हाताने, आपल्याला पाहिजे तिथे सायकल थांबते हे त्याच्या अंगात मुरलं की तो प्रश्न हळूहळू विरतो. म्हणून आम्ही सुरुवात थांबण्यापासून करतो.

पहिले दोन-तीन दिवस बसायचं नावच नाही. सायकल पुसायची, हवा भरायची, दुरुस्तीला न्यायची. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी माझ्या मुलाच्या हातात पाना दिला, मागचं चाक उचलून फिरवायला लावलं आणि विचारलं, ‘बोल, कुठला ब्रेक कुठल्या चाकाचा?’ त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आपल्याकडच्या सायकलींना बहुधा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागच्या चाकाचा असतो, तरी आपल्या सायकलचा बघून घ्या. उतारावर घाबरून नुसता पुढचा कचकन दाबला, त्यात खाली कच, की चाक अडकतं किंवा घसरतं आणि मूल हँडलवरून जातं. ‘म्हणजे मी उजवा दाबला म्हणून?’ त्याने विचारलं. काका म्हणाले, ‘उजवा, उतार आणि कच. तिन्ही एकदम आले, बाळा.’ तोवर तो ‘मला सायकल येतच नाही’ म्हणायचा. त्या दिवसानंतर ते वाक्य बंद झालं.

मग सायकल हातात धरून चालायचं आणि चालता चालता दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू आवळत थांबायचं. नंतर सीट एवढी खाली घ्यायची की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील, आणि पॅडल काढून ठेवायची. साधारण १५ नंबरचा पाना लागतो. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते उलट दिशेने फिरतं. हे माहीत नसल्याने कितीतरी बाबांनी जोर लावून आटे खराब केले आहेत. आता मूल पायाने ढकलत, तोल सांभाळत पुढे जातं, पाय कायम जमिनीजवळ. भीती इथेच बरीच उतरते.

पॅडल परत लावल्यावर आम्ही खडूने किंवा फक्कीने आडवी रेघ मारतो. पुढचं चाक बरोबर रेघेवर थांबलं पाहिजे. अंग थोडं मागे, दोन्ही ब्रेक, शेवटी एक पाय खाली. मुलांना याचा खेळ होतो, मग कोण रेघेच्या किती जवळ थांबतो याच्या पैजा लागतात. नंतर न डगमगता मागे वळून बघणं, एक हात काढून वळण दाखवणं, आणि अगदी शेवटी छोटा उतार, तोही आधी सायकल हातात धरून चालत उतरून.

भीती किती वाटते ते आम्ही दहा बोटांवर दाखवायला सांगतो. तीन-चार बोटं असतील तर पुढची पायरी, सात-आठ असतील तर एक पायरी मागे. एका वेळी वीस मिनिटं पुरे. मूल ‘अजून एकदा’ म्हणत असतानाच आवरतं घ्या, म्हणजे पुढच्या रविवारी ते आधी उठतं.

एक काकुळतीची विनंती: मागून सीट धरली आहे असं सांगून गुपचूप सोडू नका. नवीन शिकणाऱ्याबाबतीत ती गंमत खपून जाते. पडलेल्या मुलाला मागे वळल्यावर बाबा दहा पावलं लांब दिसले, तर त्याचा सायकलवरचा नाही, बाबांवरचा भरवसा जातो. ‘आता सोडतो’ म्हणा, आणि ते हो म्हणालं की सोडा.

सायकल तीच ठेवायची की नवी घ्यायची?

चौकट, हँडल, चाकं सरळ असतील तर तीच दुरुस्त करा. पण माप तपासा. पुढची दोन-तीन वर्षं चालावी म्हणून आपण शाळेचा गणवेश घेतो तशी वाढत्या अंगाची सायकल घेतो. ज्याला २० इंची लागते त्याला २४ इंची. पाय टेकत नाही, ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पोचत नाहीत, मग ते मूल थांबणार कसं? दांडी मुठीजवळ आणणारा छोटा स्क्रू अनेक सायकलींच्या ब्रेकवर असतो, दुकानात तो फिरवून मागा.

हेल्मेट घालायलाच हवं का? घरातलं स्कूटीचं चालेल?

घालायलाच हवं. स्कूटीचं मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाच्या मानेला जड होतं आणि डोक्यावर फिरतं. सायकलचं वेगळं मिळतं, घेताना आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा मानकाचा शिक्का आहे का बघा. कपाळ झाकलं पाहिजे, भुवईच्या वर दोन बोटं एवढीच मोकळी जागा. पट्टे कानाखाली एकत्र यावेत, हनुवटीखाली एक-दोन बोटं जेमतेम जावीत. वर बांधलेला अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर हेल्मेट नीट बसत नाही, वेण्या खाली घाला. आणि पडताना ज्या हेल्मेटने एकदा मार खाल्ला ते बाद करा, बाहेरून चकाचक दिसलं तरी. आतला फोम एकदाच दबून मार झेलतो.

साताऱ्यात सरावाला सपाट जागा आहे कुठे?

कमी आहे, हे खरंच आहे. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना दमछाक होते आणि येताना पॅडल न मारता सायकल सुटते. गावच डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं. सांगलीतली माझी बहीण म्हणते, आमच्याकडे उताराची भीती हा प्रकारच नाही. सुट्टीच्या दिवशी शाळांची मैदानं मोकळी असतात, विचारलं तर बहुतेक मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत. मातीचं मैदान डांबरापेक्षा बरं, पडलं तरी कमी लागतं.

यवतेश्वरच्या घाटात मोठी मुलं हौसेने जातात. पूर्ण तयारी झाल्याशिवाय आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय तिथून सायकलवर उतरू देऊ नका, कासच्या फुलांच्या हंगामात शनिवार-रविवारी तर नाहीच. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्येही, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या भुयारी रस्त्यातही, मुलांना सायकल घेऊन पाठवू नये असं माझं मत आहे.

रस्त्यावर एकटं कधी सोडायचं?

वयाने दहा-बारा वर्षांपर्यंत येणाऱ्या गाडीचा वेग मुलांना नीट जोखता येत नाही. हुशार मुलांनाही नाही, दृष्टी आणि अंदाज तोवर पिकलेलाच नसतो. त्यामुळे वय झालं, रेघेवर थांबता येतं, मागे वळून बघता येतं, हे तिन्ही जमल्यावरच, आणि तेही आधी महिनाभर तुमच्यासोबत.

डावीकडून चालवायचं, पण अगदी कडेच्या मातीत उतरून नाही. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब, कारण दार अचानक उघडतं. वळायच्या आधी मागे बघ, हात दाखव, मग वळ. स्टॉपवर थांबलेल्या एसटीच्या पुढून कधीच आडवं जायचं नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांबद्दल वेगळं सांगावं लागतं: ट्रॅक्टर पुढे गेला की मुलांना वाटतं रस्ता मोकळा झाला, आणि ती आत घुसतात. मागे दोन ट्रॉल्या असतात, ऊस बाहेर आलेला असतो. आमच्या मुलांना आम्ही शिकवलं आहे, उसाचा ट्रॅक्टर दिसला की खाली उतरायचं, कडेला थांबायचं, दोन ट्रॉल्या मोजायच्या आणि मग निघायचं.

पावसाळ्यात?

जून ते सप्टेंबर आम्ही रस्त्यावरचा सराव बंदच ठेवतो. रिमचे ब्रेक ओले झाले की सायकल थांबायला जास्त अंतर लागतं, शेवाळ आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे घसरडे होतात. पार्किंगमध्ये रेघेचा खेळ चालू राहतो.

मूल स्वतः पडलं नाही, गाडीने उडवलं. मग काय करायचं?

गाडीचा नंबर, जागेचे फोटो, आणि पोलिसांत नोंद, उपचार सुरू झाल्यावर लगेच. मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ चं संरक्षण आहे, त्याला अडकवलं जात नाही, हे त्याला सांगा म्हणजे तो घाबरून निघून जाणार नाही. मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातातल्या जखमींसाठी २०२५ पासून पहिल्या ७ दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना आहे, रुग्णालयात तिची चौकशी करा. गाडी सापडलीच नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाई मिळू शकते.

मुलाला मात्र येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर ती हकिकत सांगायला लावू नका. पाहुणे विचारणारच, उत्तर तुम्ही द्या.

मुलगी आहे. आता सायकल बंदच करावी म्हणतात घरचे.

याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. मुलगा पडला तर ‘मर्द आहेस’ म्हणून पुन्हा बसवतात, मुलगी पडली तर ‘तोंडावर डाग पडला तर’ म्हणून सायकल धाकट्या भावाला देतात. दोघांचंही यात नुकसान. आमच्या रविवारच्या गटातली एक मुलगी हनुवटीला टाके पडल्यावर वर्षभर रिक्षाने शाळेत जात होती. रेघेवर थांबण्यात आता तिच्याइतकं नेमकं कुणी नाही. तिची आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, ‘ताई, मला स्वतःला कधी शिकू दिली नाही.’ आता आईसुद्धा शिकतेय, सकाळी सहाला, मुलं यायच्या आधी.

सायकलची भीती बसलीय, सरळ स्कूटीच द्यावी का?

नाही. १८ च्या आत परवाना मिळत नाही, १६ नंतर फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा मिळतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर कलम १९९ अ खाली पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. ज्याला थांबण्याची भीती वाटते त्याच्या हातात वेग द्यायचा नसतो.

तुमचा मुलगा आता चालवतो का?

चालवतो. शाळेतही जातो सायकलने. तो जिथे पडला त्या वळणावर मात्र आजही खाली उतरतो, सायकल हातात धरून चालत उतार संपवतो आणि मग बसतो. तिथे आता कच नाही. मी एकदा विचारणार होते, मग नाही विचारलं.